जायफळाचा एक वेढा

आमच्या घरातली सहाण माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. उगाळून उगाळून ती मध्यभागी इतकी खोल झाली आहे की उन्हाळ्यात चिमण्यांना पाणी ठेवायला चालेल. मे महिन्यात भाची तिच्या तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन आजोळी, देवगडला आली, तेव्हा माझ्या आईने ही सहाण देवघराच्या खालच्या फळीवरून काढून खसखसून धुतली. मग बाळगुटीची पुरचुंडी सोडली. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग, मायफळ, काकडशिंगी, सुंठ, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम. आणि अतिविष, म्हणजे नावातच विष असलेली एक मुळी, जी पिढ्यान् पिढ्या तान्ह्या बाळांच्या जिभेवर जात आलेली आहे.

आईच्या हिशेबात ग्रॅम नाही, चमचा नाही. वेढा आहे. दुधाच्या चार थेंबांत मुळी धरून सहाणेवरून एकदा गोल फिरवली की एक वेढा. खारकेचे सात, बदामाचे सात, हिरड्याचे पाच, वेखंडाचे दोन. जायफळाशी आली की तिचा हात जरा थांबतो.

"एकच वेढो," ती म्हणाली. "दोन झाले तर झील उद्या दुपारीच उठतलो."

"आजी, एक वेढा म्हणजे नक्की किती?" भाचीने विचारलं.

"एक वेढो म्हणजे एक वेढो."

भाचीला हे उत्तर पटणं शक्यच नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी बाळाला वरचं काही द्यायचं नाही असं बजावून पाठवलं होतं, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की ती नोकरीच मात्रा मोजायची करते. समुद्रातली सूक्ष्म शैवालं काचेच्या चंबूंत वाढवायची, त्यांच्यावर समुद्रातलीच विषं थेंबाथेंबाने सोडायची आणि कोण कितीला मरतं, कोण कितीला तगतं ते बघायचं, असं तिचं काम. तिच्या प्रयोगशाळेत मी एकदा गेलो होतो. पांढऱ्या ट्यूबलाइटांखाली चंबूंच्या रांगा, तोंडाला कापसाचे बोळे, आणि आत फिक्कट चहाच्या रंगाचं पाणी. मी म्हटलं, यात तर काहीच दिसत नाही. तिने एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मला खुर्ची दिली.

आधी नुसता उजेड दिसला. मग तो उजेड रेघारेघांनी भरला. बारीक मण्यांच्या माळा, मणी काचेचे, प्रत्येक मण्यात सोनेरी तपकिरी ठिपका. दोन मण्यांच्या मध्ये काचेच्याच सळया, इतक्या बारीक की नजर जराशी सैल सोडली की नाहीशा व्हाव्यात. हे स्केलेटोनेमा. मांडवी-जुवारीच्या मुखाशी पावसाळ्याच्या दिवसांत हिची गर्दी होते. जातीने डायाटम. मराठीत डायाटमला करंडक असं सुरेख नाव आहे, आणि ते ज्याने ठेवलं त्याने ही वस्तू नक्की डोळ्यांनी पाहिली असणार. वाळूच्याच द्रव्याची, सिलिकाची, दोन झाकणांची डबी. एक झाकण दुसऱ्यात बसतं, कुंकवाच्या करंड्यासारखं. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा या करंड्यांमध्ये उरकला जातो. मी तासभर बसलो होतो. मान आखडली.

त्या माळा इतक्या निवांत दिसत होत्या की त्यांच्यात विषाचा व्यवहार चालतो हे मला तेव्हा खरंच वाटलं नाही. ते खरं वाटलं ते स्वयंपाकघरात.

त्या रविवारी कोंबडी-वडे होते. आईने पहिला वडा तेलात सोडला आणि भाची ओसरीवरून उठून आत आली. "मामा, हा वास ओळख."

"वड्यांचा."

"डेकाडायनलचा. आमच्या फ्रिजमधली बाटली उघडली की हाच वास येतो. त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना भूक लागते."

तळणीच्या वासाचा मोठा भाग या एका पदार्थाचा असतो. कढईत तेल तापलं की त्यातली स्निग्धाम्लं तुटतात आणि त्यांचे जे तुकडे वाफेबरोबर नाकापर्यंत येतात त्यांतला हा एक. डायाटम तेच काम विस्तवाशिवाय करतं. त्याच्या पेशीत स्निग्धाम्लं एकीकडे आणि ती तोडणारी विकरं दुसरीकडे, अशी जपून ठेवलेली असतात. कुणी पेशी चावली, फोडली, की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत हा तिखट द्रव्यांचा लोट तयार होतो. १९९९ साली नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एड्रियाटिक समुद्रात डायाटमांवर पोट भरणाऱ्या कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांची अंडी उबायची थांबतात ती या द्रव्यांपायी. खाणारी मरत नाही. पोटभर खाते, अंडी घालते, आणि अंड्यांतून काही बाहेर येत नाही. ज्या करंड्याला तिने चावलं तो तर गेलेलाच असतो, पण त्याच्या भाऊबंदांना खाणारं पुढच्या पिढीत एक तोंड कमी होतं. निर्वंशाचा शाप म्हणतात तो आणखी काय असतो!

समुद्र आणि विष हे दोन शब्द जवळ आले की आपल्याला मंथन आठवणारच. मलाही आठवलं, आणि मी ते बाजूला सारत होतो, कारण प्रत्येक लेखात हलाहल उपसायची आपल्याला खोडच आहे. पण एक बाब मात्र खरी. घुसळल्याशिवाय विष निघत नाही, हे पुराणकाराने सांगितलं ते या पेशींना अगदी शब्दशः लागू पडतं. अखंड करंड्यात हे विष नसतंच. असते ती फक्त सामग्री.

आता, फुटलेल्या पेशीतून निघालेला हा लोट खाणाऱ्यापुरता कसा राहील? तो पाण्यात पसरतो आणि शेजारच्या पेशींना लागतो. मग त्या शेजारणींचं काय होतं? भाचीचं सगळं काम या एका प्रश्नाभोवतीचं. २००६ साली फिओडॅक्टिलम नावाच्या डायाटमावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. डेकाडायनल भरपूर दिलं तर पेशीच्या आत कॅल्शियमची लाट उठते, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि पेशी आपल्याच हाताने दिवा मालवते. बाहेरून कुणी तिला फोडत नाही, मरणाची आतली तजवीज ती स्वतः सुरू करते. पण तेच द्रव्य आधी अगदी थोडं दिलं, जीव जाणार नाही इतपत, तर पेशी सावध होते. मग नंतर मारक मात्रा दिली तरी ती तगून राहते.

हे मी वाचलं तेव्हा सहाणेचा तो खोलगट भाग डोळ्यांपुढे आला.

मराठीने 'मात्रा' या शब्दाला केवढी कामं लावलीत ते पाहा. औषधाची मात्रा, अक्षरावरची मात्रा, तालाची मात्रा. आणि एखाद्यापुढे कुणाचं काही चालेनासं झालं की आपण म्हणतो, त्याच्यावर मात्रा चालत नाही. काना द्यायचा की मात्रा, एवढ्यावर शब्द बदलतो. डेकाडायनलचंही तसंच आहे. थोडं असलं तर ते 'जपा गं, शेजारी कुणीतरी फुटलंय' असं सांगतं. जास्त झालं तर तेच 'आता आवरा' म्हणतं. द्रव्य तेच, त्याची रासायनिक घडण तीच. ऐकणारी किती लांब आहे आणि तिने हे आधी कधी ऐकलंय का, यावर त्याचा अर्थ ठरतो.

लांब म्हणजे तरी किती? एवढ्या अफाट पाण्यात एका पेशीचं विष विरून जायला हवं, अशी मलाही शंका आली. पण त्या मापाच्या जिवाला पाणी आपल्यासारखं पातळ लागत नाही. केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याएवढ्या पेशीला ते मधासारखं घट्ट असतं. तिच्या अंगाला लागून पाण्याचा एक थर चिकटून राहतो, लाटा कितीही उसळल्या तरी सहजी न ढळणारा. पेशीतून पाझरलेलं सगळं आधी या थरात साठतं. शास्त्रज्ञांनी त्याला १९७२ साली फायकोस्फिअर असं नाव दिलं. मी त्याला खळं म्हणेन. आमच्याकडे घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात. तिथे आपला केर, आपलं वाळवण, आपली तुळस. समुद्रातल्या प्रत्येक पेशीला असं एक खळं आहे, फक्त गडगा नाही. शेजारणीचं खळं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हे ठरवायला चिरा लावलेला नाही. पाण्यात पेशींची दाटी झाली, बहर आला, की खळी एकमेकांत मिसळतात. मग ज्याचा केर त्याच्याच दारात राहत नाही.

इंग्रजीत या सगळ्याला रासायनिक युद्ध म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द रुचत नाही. युद्धाला दोन फौजा लागतात, एक दिवस ठरवावा लागतो आणि केव्हातरी ते संपावंही लागतं. इथे जे चाललंय त्याला कोकणी माणसाकडे नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. एकाच पाण्यावर, एकाच उन्हावर, चिमूटभर नायट्रेट-फॉस्फेटवर जगणाऱ्यांची, पिढीजात, न संपणारी, आणि मधूनमधून एकमेकांच्या कामीही येणारी.

वनस्पतिशास्त्राने यासाठी घेतलेला शब्द आहे ॲलेलोपॅथी. हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली तो घडवला. ग्रीकमध्ये 'ॲलेलॉन' म्हणजे एकमेकांचं, आणि 'पॅथोस' म्हणजे भोग. एकमेकांचे भोग! आपण त्याचं उदाहरण म्हणून गाजर गवत दाखवतो. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा नोंद झालेलं आणि पुढे देशभर माजलेलं हे गवत पार्थेनिन नावाच्या द्रव्याने शेजारच्या बिया रुजूच देत नाही. पण मोलिशचा स्वतःचा अभ्यास होता तो सफरचंदाचा. पिकत्या सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या झाडाफळांचं काय करतो, हे तो पाहत होता. म्हणजे तो अढीच बघत होता. आमच्या माळ्यावर त्या आठवड्यात पेंढ्यात हापूसची अढी घातलेली होती. एक आंबा पिकला की त्याच्या श्वासाने दुसरा पिकतो. एक नासला तर शेजारचे चारही घेऊन जातो, म्हणून आई रोज संध्याकाळी वर चढून हात घालून बघते. आणि मनात राहते तीही अढीच. पिकवणं आणि डूख धरणं या दोन्हींना एकच शब्द ठेवणाऱ्या भाषेत मोलिश जन्मला असता तर त्याला ग्रीककडे जावं लागलं नसतं.

अढीवरून मला मेक्सिकोच्या आखातातली गोष्ट आठवते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कॅरेनिया ब्रेव्हिस नावाचं एकपेशीय शैवाल बहरलं की पाणी लालसर होतं, मासे मरून काठाला लागतात. त्याच्या अंगावर करंड्यासारखं कवच नसल्याने किनाऱ्याच्या लाटांत ते फुटतं, आणि त्यातलं ब्रेव्हेटॉक्सिन तुषारांबरोबर हवेत येतं. वाळूवर नुसती फिरायला आलेली माणसं खोकत घरी जातात. पुन्हा घुसळण. हे कॅरेनिया शेजारच्या डायाटमांनाही खुंटवतं. ज्युलिया कुबानेक यांच्या अमेरिकेतल्या गटाने वर्षानुवर्षं या शेजारपणाचा पिच्छा पुरवला आहे, आणि त्यांच्या हाती लागलेल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत.

पहिली आपल्या मण्यांच्या माळेची. स्केलेटोनेमा जवळ असली की कॅरेनियाचा जाच कमी होतो. ती निमूट मार खात नाही. पाण्यातलं ब्रेव्हेटॉक्सिनही तिच्या सहवासात घटत जातं. दुसरी गोष्ट दोन डायाटमांच्या तुलनेची. आखातात कॅरेनियाच्याच पाण्यात राहत आलेलं एक, आणि ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध आलेला नाही असं दुसरं. दोघांना कॅरेनियाच्या द्रव्यांची झळ लागू दिली. नवख्याच्या पेशीतला कारभार पार विस्कटला, ऊर्जा, पेशीचं आवरण, सगळीकडे गोंधळ. जुना शेजारी खुंटला खरा, पण कोलमडला नाही. ही सवय त्याच्या रक्तात, म्हणजे रक्त नसलेल्याच्या जे काही असेल त्यात, मुरली होती. लग्न होऊन आमच्या वाडीत आलेल्या सुना पहिल्या वर्षी काही शेजारणींच्या बोलण्याने आजारी पडत, आणि दहाव्या वर्षी त्याच बोलण्याकडे सुपारी कातरत बघत, तसंच काहीसं.

या संशोधनातला एक बारकावा मात्र मला हसवून गेला. कॅरेनिया शेजाऱ्यांना खुंटवतं ते मुख्यतः ब्रेव्हेटॉक्सिनने नव्हे. ती द्रव्यं वेगळी आहेत. अलेक्झांड्रियम नावाच्या शैवालाचंही तसंच. त्याचं सॅक्सिटॉक्सिन शिंपल्यांतून माणसाच्या पोटात गेलं तर मज्जातंतू गप्प होतात, श्वास थांबतो. पण ते शेजारच्या पेशी फोडतं ते दुसऱ्याच कशाने तरी, सॅक्सिटॉक्सिनचा त्याच्याशी मेळ लागत नाही. मग सॅक्सिटॉक्सिन कुणासाठी? कोपेपॉड जवळ आले, की त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या लिपिडांचा नुसता माग लागल्यावर अलेक्झांड्रियम ते कितीतरी पटीने वाढवतं, हे स्वीडनमध्ये दिसून आलेलं आहे. म्हणजे चावणाऱ्यासाठी एक पुडी आणि शेजाऱ्यासाठी दुसरी. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाकडचे शिंपले खाऊन शंभरांवर माणसं आजारी पडली, काहींची स्मृती गेली, तिघे तरी दगावले. ते विष म्हणजे डोमोइक आम्ल, आणि ते एका सुईसारख्या डायाटमाचं होतं. त्या डायाटमाला ते बहुधा लोह आणि तांबं पकडायला उपयोगी पडत असावं, असा एक अंदाज आहे. आपण मेलो म्हणून आपण त्याला विष म्हटलं. त्याच्या घरी तो कदाचित चिमटा असेल.

हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मगे शिवल्या खायच्या की नाय?" तिचा प्रश्न नेहमी असा मुद्द्याचा असतो.

प्रिम्नेशियम नावाच्या शैवालाबद्दल मी तिला सांगितलं नाही. ते शेजाऱ्याला विषाने फोडतं आणि मग त्याचं फुटलेलं शरीर खातं. २०२२च्या उन्हाळ्यात पोलंड-जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत, खाणींच्या पाण्याने नदी खारट झाल्यावर, ते समुद्रापासून एवढं आत बहरलं आणि शेकडो टन मासे मेले. भाऊबंदकीतही एखादं घर असं निघतं, त्याच्याविषयी गावात मोठ्याने बोलत नाहीत.

मला त्याहून जास्त रेंगाळावंसं वाटतं ते म्हाताऱ्या चंबूंपाशी. भाचीच्या रांगेत टोकाला काही जुने चंबू होते, रंग उतरलेले, तळाशी तपकिरी गाळ बसलेला. स्केलेटोनेमाची वाढ थांबते, अन्न संपत येतं, आणि सगळं कोसळायच्या थोडं आधी पाण्यात हीच तळणीच्या वासाची कुळी सुटू लागते. तेव्हा खाणारं कुणीही जवळ नसतं. मग ती कुणाला सांगत असते? आपल्याच माळेतल्या मण्यांना, की आता दाटी फार झाली? 'सांगणं' हा शब्द इथे वापरावा का, यावर भाचीचे सर आणि भाची यांच्यात वाद आहे. सरांच्या मते हे नुसतं गळणं आहे. फुटक्या मडक्यातून पाणी गळतं तेव्हा मडकं काही बोलत नसतं. भाचीचं म्हणणं, गळणं ऐकायला जर कुणी लाखो वर्षं शिकलं असेल, तर ते गळणं राहत नाही. मी मामा असल्याने माझं मत धरलं जात नाही, पण मी भाचीच्या बाजूचा आहे.

त्या रात्री पाऊण वाजता स्वयंपाकघरात उजेड दिसला म्हणून मी उठलो. भाची ओट्याशी उभी होती. केकसाठी आणलेला बॅटरीवरचा वजनकाटा तिने मांडला होता, त्यावर जायफळ ठेवलं होतं. सहा ग्रॅम. तिने ते उचललं, सहाणेवर दूध टाकलं, आईसारखाच अंगठा दाबून एक वेढा काढला, जायफळ फडक्याने कोरडं करून परत काट्यावर ठेवलं. सहा ग्रॅम. पुन्हा एक वेढा. सहाच.

"मिलिग्रामचा काटा हवा," ती पुटपुटली.

मागून आईचा आवाज आला. ती केव्हा येऊन दाराशी उभी राहिली होती, कुणास ठाऊक. "दोन झाले मां ते?"

भाचीने सहाणेकडे पाहिलं. दुधात तपकिरी रेघ उमटली होती, मध्यभागीच्या खोलगट जागेत गोळा होत चाललेली. तिने ती बोटाने निपटली आणि स्वतःच्या जिभेवर ठेवली.

"बाळाला नाही हं आजी. मी घेतलं."

आई काही बोलली नाही. सहाण उचलून मोरीत धुवायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "तां पण चालता. दुधातना जातला."

भाची बाळाजवळ जाऊन आडवी झाली. दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती जागीच होती, त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून.